हेक्टरात न मावणारी माणसे

३० जानेवारी २०१९. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी गावात अण्णा हजारे लोकपाल, लोकायुक्त आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नावर उपोषणाला बसले. पुणे-नगर रस्त्यावरून वाहिन्यांच्या गाड्या एकामागून एक गावाकडे वळल्या. अण्णांचे वजन किती घटले, रक्तदाब किती झाला, कोणता मंत्री आला आणि कोणता रिकाम्या हाताने परत गेला, याची खबर महाराष्ट्राला तासातासाला मिळत होती. ५ फेब्रुवारीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस स्वतः गावात आले, उपोषण सुटले आणि गाड्या आल्या वाटेने निघून गेल्या.

त्या सात दिवसांत महाराष्ट्राची अवस्था काय होती? तीनच महिने आधी, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. नगर जिल्ह्यातले बहुतेक तालुके त्या यादीत होते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या पाथर्डी, जामखेड भागातली हजारो माणसे तेव्हा आपल्या गावात नव्हतीच. ती परमुलखातल्या कारखान्यांच्या फडात, उसाच्या पाचटाच्या कोपीत, थंडीत कुडकुडत होती. त्यांच्याकडे किती गाड्या वळल्या?

उपोषणाला आमचा विरोध नव्हता आणि आजही नाही. आमचा सवाल वेगळा आहे. जो ठरवून जेवत नाही त्याची भूक बातमी होते. ज्याच्या घरात पीठच नाही त्याची भूक मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. हे असे का व्हावे?

दुष्काळाच्या बातम्या महाराष्ट्रात कमी छापून येतात असे कोणी म्हणणार नाही. १९७२ झाले, २००३ झाले, २०१२-१३ झाले, २०१५-१६ झाले, २०१८-१९ झाले. २०२३ साली पुन्हा ४० तालुके जाहीर झाले. दर उन्हाळ्यात तीच छायाचित्रे येतात. भेगाळलेली जमीन, विहिरीच्या तळाशी उतरलेली बाई, टँकरभोवती हंड्यांचा गराडा. धरणात किती टक्के साठा उरला, किती टँकर धावतात, पैसेवारी पन्नास पैशांच्या वर आहे की खाली, हे सारे आकडे वाचकाला पाठ झाले आहेत. पण त्या छायाचित्रातल्या बाईचे पुढे काय झाले? हंडा घेऊन ती ज्या वस्तीत परतली ती वस्ती गावठाणात होती की गावकुसाबाहेर? तिच्या नावावर जमीन आहे का? नसेल, तर दुष्काळाच्या सरकारी मदतीतला कोणता पैसा तिच्या हातात पडला? हे प्रश्न विचारले जात नाहीत, कारण ते विचारले की दुष्काळाची बातमी आभाळावरून खाली उतरते आणि जमिनीच्या मालकीपाशी येऊन उभी राहते.

२०१८ च्या दुष्काळाच्या आदेशाकडेच पाहा. सरकारने आठ सवलती जाहीर केल्या. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, कृषिपंपाची वीज न तोडणे, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि टंचाईच्या गावात टँकर. आता ही यादी भूमिहीन मजुराच्या दारात बसून पुन्हा वाचा. ज्याला जमीन नाही त्याला महसूल कसला? ज्याला बँक दारात उभी करत नाही त्याच्या पीक कर्जाचे पुनर्गठन कसले? ज्याला विहीर नाही त्याचा पंप कोणता? आठांपैकी पाच सवलती त्याच्या घरावरून निघून जातात. उरतात तीन. मुलाची परीक्षा फी, टँकर आणि रोजगार हमी. त्यातला मुलगा दिवाळीआधीच आईबापाबरोबर फडात गेलेला असतो. टँकरचे पाणी गावच्या विहिरीत ओतले जाते आणि ती विहीर कोठे आहे यावर ते कोणाला आधी मिळणार हे ठरते. माणशी २० लिटर हा हिशेब कागदावर असतो. विहिरीच्या काठावर जातीचा हिशेब चालतो.

त्याच हंगामात नगर आणि बीड जिल्ह्यांत जनावरांच्या चारा छावण्या उघडल्या. मोठ्या जनावरामागे सरकारने दिवसाला १०० रुपयांपर्यंत अनुदान दिले. मुके जनावर जगलेच पाहिजे, त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण ज्याच्या दावणीला जनावरही नाही त्याच्यासाठी छावणी कोठे होती? रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी दिवसाला २०३ रुपये होती, तीही काम निघाले तर. जनावरासाठी छावणी आणि माणसासाठी मुकादम, असा तो न्याय होता.

कोणी म्हणेल, तुम्ही शेतकऱ्याच्या विरोधात बोलता. मुळीच नाही. कोरडवाहू शेतकरी हा आमचाच भाऊ आहे. कर्जाने तो गळ्यापर्यंत बुडाला आहे आणि त्याच्या आत्महत्यांनी महाराष्ट्राची मान खाली गेली आहे. त्याला मदत मिळालीच पाहिजे, आज मिळते त्याहून अधिक मिळाली पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की त्याच्या शेतात ज्याने आयुष्य काढले तोही दुष्काळातच आहे. शेत पिकले नाही तर मालकाचे पीक जाते आणि मजुराचा रोज जातो. पिकाचा पंचनामा होतो. बुडालेल्या रोजाचा पंचनामा करणारा तलाठी अजून जन्मायचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि नगर, सोलापूर भागात अतिवृष्टीने हाहाकार माजवला तेव्हाही मदतीचे माप तेच होते, हेक्टरी इतके आणि हेक्टरी तितके. पाणी पडो वा न पडो, माप हेक्टरच!

मग या माणसांच्या वाट्याला हेक्टर का आला नाही, हे कोणा वार्ताहराने विचारले पाहिजे. त्याचे उत्तर आभाळात नाही, इतिहासात आहे. महार वतनाच्या नावाखाली गावाने आमच्या वाडवडिलांना रात्रंदिवस राबवले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. वतनाच्या जमिनी नवीन शर्तीवर मिळाल्या, पण त्यांतल्या किती आज मूळ कुटुंबांच्या ताब्यात आहेत? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. बायाबापड्या पोरेबाळे घेऊन तुरुंगात गेल्या. त्या लढ्यातून गायरानावर नांगर चालवायची हिंमत आली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही कित्येकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही. २०२२ साली तर गायरानातील अतिक्रमणे हटवण्याच्या नोटिसा आल्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पंचनाम्यात नाव नाही, पंचनाम्यात नाव नाही म्हणून मदतीच्या यादीत नाव नाही आणि यादीत नाव नाही म्हणून बातमीत माणूस नाही. अशी ही साखळी आहे.

आता पुन्हा राळेगणसिद्धीकडे येऊ. दुष्काळावर बोलताना प्रत्येकजण या गावाचे नाव घेतो. १९७५ साली अण्णा लष्करातून गावी परतले. पावसाने पाठ फिरवलेल्या या गावात नालाबंडिंग झाले, पाझर तलाव झाले, समतल चर खोदले गेले, झाडे लागली. विहिरींना पाणी आले. दारूच्या भट्ट्या गेल्या. दलित कुटुंबांच्या जमिनीवर गावाने श्रमदान करून त्यांचे थकलेले कर्ज फेडल्याचे सांगितले जाते. आम्ही हे काही नाकारत नाही. आटलेल्या विहिरीला पाणी येणे ही लहान गोष्ट नव्हे, ज्याने घसा कोरडा पडलेला पाहिला आहे त्याला ती कळते.

पण आदर्श गावाची बातमी लिहिणाऱ्यांनी दोन प्रश्न विचारायला हवे होते. पहिला प्रश्न असा की कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीची किंमत कोणी मोजली? ज्याच्या बांधावर बाभळी आहेत त्याच्या चुलीला सरपणाची चिंता नसते. ज्याच्या शेतात कडबा आहे त्याची म्हैस दावणीला खाते. पण जिची सारी इस्टेट म्हणजे दोन शेळ्या, तिला गावचे माळरान हेच शेत असते. ते बंद झाले की तिने शेळ्या विकायच्या आणि माळ हिरवा झाला म्हणून टाळ्याही वाजवायच्या! दुसरा प्रश्न असा की पाणी वाढले ते कोणाच्या विहिरीत? जमिनीखालचे पाणी आपल्याकडे व्यवहारात जमीनमालकाचेच असते. श्रमदानाला सगळे गाव येते, घाम सगळ्यांचा गळतो आणि पाणी मात्र ज्याच्या सातबाऱ्यावर विहीर आहे त्याच्याकडे जाते. मुकुल शर्मा या अभ्यासकाने २००६ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये राळेगणची शिस्त आणि तिथले दलितांचे स्थान याविषयी प्रश्न उभे केले होते. आदर्श गावाच्या गौरवगाथेत दलित येतो तो उपकृत म्हणून, हक्कदार म्हणून नव्हे, हे आमचेही म्हणणे आहे. गावाने दलितांचे कर्ज फेडले ही बातमी होते. ते कर्ज का झाले, ही होत नाही.

दुसरा रस्ताच नव्हता, असे मात्र कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. त्यांचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसाला पाणी नाही. पाणी मोजायचे माप बदलले की माणूस दिसू लागतो, हे नायगावने दाखवले. पण राळेगणच्या वाटेवर जेवढ्या गाड्या धावल्या, तेवढ्या नायगावच्या वाटेवर कधी दिसल्या नाहीत.

याच नगर जिल्ह्यात दोन मुलूख आहेत. उत्तरेला भंडारदऱ्याचे पाणी आणि प्रवरेचा बागायती पट्टा. आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सुरू झाला. दक्षिणेला पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीचे कोरडे माळ. उत्तरेला ऊस उभा राहतो आणि दक्षिणेतला माणूस तो तोडायला जातो. दसरा झाला की मुकादम उचल देतो आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात. शब्दाकडे लक्ष द्या. दोन माणसे राबतात आणि नोंद होते एका हत्याराची! बाईची मजुरी त्या कोयत्यातच जिरते, तिच्या हातात वेगळी पडत नाही. एक दिवस आजारी पडले तर खाडा धरून पैसे कापले जातात. पहाटे चारला उठायचे, फडात वाकायचे, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री कोपीत तीन दगडांवर भाकऱ्या थापायच्या. तिथे न्हाणी नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांत काय करायचे, हे कोणत्या गाळप हंगामाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर आले?

त्याचे उत्तर २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातून आले. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायांमागे एक! तरण्याताठ्या बायकांनी खाडा पडू नये म्हणून पोट कापून घ्यावे, यापेक्षा भयंकर दुष्काळ कोणता? आठवडाभर देशभर चर्चा झाली. समिती झाली, शिफारशी झाल्या, पुढचा हंगाम सुरू झाला. आजही राज्यात ऊसतोड कामगार किती, याचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत सांगितले जातात. चार लाख माणसांचा फरक कोणाला खुपत नाही. साखरेचा उतारा मात्र दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत छापून येतो! या फडात वंजारी आहे, बंजारा आहे, मराठा आहे, बौद्ध आणि मातंगही आहे. म्हणून हा एका जातीचा प्रश्न नाही. पण ज्याच्यापाशी मुळात गुंठाभर जमीन नव्हती त्याला फडातून परत येऊन धरायला काहीच नसते, हेही तेवढेच खरे.

दुष्काळातले माणूस बातमीत येतच नाही असे नाही. येते तेव्हा कसे येते ते पाहा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. साऱ्या देशाने ती गाडी पाहिली. त्याच उन्हाळ्यात वाशिम जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी भरू दिले नाही. तो अपमान गिळून त्याने दिवसाची मजुरी सांभाळत एकट्याने ४० दिवसांत विहीर खणली आणि तिला पाणी लागले. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याची तुलना डोंगर फोडणाऱ्या दशरथ मांझींशी केली. छायाचित्रे छापली, सत्कार झाले. आम्हालाही त्याचा अभिमान वाटला. पण गावात वाद नको म्हणून त्याने पाणी नाकारणाऱ्याचे नाव घेतले नाही. ते नाव न घेण्यात जी भीती होती ती खरी बातमी होती. तिच्यावर कोणी अग्रलेख लिहिला? त्याची जिद्द छापली गेली आणि त्याची जात, त्याच्या बायकोचा अपमान, पाणी नाकारणारी ती विहीर, हे सारे कौतुकाखाली झाकले गेले. माणसाची कहाणी सांगण्याच्या नावाखाली माणसावरचा अन्याय पुसून टाकण्याची ही कला प्रस्थापित माध्यमांना चांगली साधली आहे.

ही भीती नगर जिल्ह्याला नवी नाही. सोनई २०१३ आणि खर्डा २०१४ ही नावे आमच्या वाचकांना सांगावी लागत नाहीत. ज्याची रोजी दुसऱ्याच्या बांधावर, ज्याचा हंडा दुसऱ्याच्या विहिरीवर, त्याच्या मुलाने मान वर करून चालायचे म्हटले की काय होते ते या जिल्ह्याने पाहिले आहे. पाणी, जमीन आणि अत्याचार या तीन वेगळ्या बातम्या नव्हेत. १९७२ मध्येही असेच होते. राज्यभर दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडत होती, १९७३ च्या उन्हाळ्यात तो आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता. तांबडा मिलो आणि सुकडी खाऊन माणसे जगली. त्याच काळात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. दुष्काळाच्या इतिहासात पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही. ती दलित पँथरच्या इतिहासात शोधावी लागते.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढताना त्यांनी त्या काळच्या वर्तमानपत्रांविषयी हेच दुखणे मांडले. बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांच्या सुखदुःखाची त्यांना पर्वा नसते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याची ओंजळ प्यायल्यावर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. पाण्याचा लढा आणि वर्तमानपत्र यांचे नाते त्यांनी असे जोडले होते. आपले पाणी आपण प्यायले पाहिजे आणि आपली बातमीही आपणच लिहिली पाहिजे.

मग आम्ही ती लिहितो का? इतरांकडे बोट दाखवताना आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही, हे कबूल केले पाहिजे. आमच्या चळवळीतल्या पत्रांची पाने एप्रिलमध्ये शुभेच्छांच्या जाहिरातींनी आणि पुढाऱ्यांच्या छायाचित्रांनी भरतात. कोणत्या गटाने कोणाशी युती केली, हे पहिल्या पानावर असते. फडातून परतलेली आमची बहीण आतल्या पानावरही नसते. आमचे शिकलेले तरुण शहरात गेले, नोकरीला लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मागे राहिलेल्या वस्तीचा रस्ता त्यांच्यापैकी किती जणांना आठवतो? आम्हीच आमच्या माणसांची नोंद ठेवली नाही तर सरकारने ठेवली नाही म्हणून कोणत्या तोंडाने ओरडायचे?

सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दुष्काळाच्या आणि अतिवृष्टीच्या आदेशात भूमिहीन कुटुंबासाठी स्वतंत्र कलम हवे, बुडालेल्या मजुरीची भरपाई कुटुंबाच्या हिशेबाने मिळायला हवी. टँकरच्या नोंदवहीत केवळ गावाचे नाव नको, वस्तीचेही हवे आणि पाणी वस्तीपर्यंत पोहोचल्याची सही वस्तीतल्या बाईची हवी. ऊसतोड कामगारांची नावनिशीवार नोंद झाली पाहिजे, त्यात नवरा आणि बायको ही दोन माणसे म्हणून लिहिली गेली पाहिजेत. गायरान कसणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर चढली पाहिजेत.

आणि एक मागणी आमच्या वाचकांकडे आहे. २० मार्च हा चवदार तळ्याचा दिवस आणि १४ एप्रिल ही भीमजयंती. हे पंचवीस दिवस म्हणजे ऐन पाणीटंचाईचे दिवस असतात. याच दिवसांत फडावर गेलेली कुटुंबे परतू लागतात. यंदा प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्यांनी मिरवणुकीच्या वर्गणीतून एक दोनशे पानी वही घ्यावी. वस्तीत घरे किती, जमीन किती घरांना, कोयत्याला किती गेले, त्यांच्याबरोबर किती पोरांची शाळा सुटली, पाणी किती अंतरावरून येते आणि कोणाच्या विहिरीवर अडवले जाते, हे घरोघर जाऊन लिहावे. नाव उघड केल्याने ज्याला त्रास होईल त्याचे नाव वहीबाहेर जाऊ देऊ नये. ती वही जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदाराच्या टेबलावर.

जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या आणि ठिकठिकाणी विहिरी, बारवा बांधणाऱ्या बाईचे ते नाव. त्या नावाची लाज राखायची तर याच जिल्ह्यातल्या बाईला पाण्यासाठी कोणापुढे पदर पसरावा लागू नये. राळेगणला वाहिन्यांच्या गाड्या पुन्हा येतील, कोणत्या ना कोणत्या निमित्ताने येतीलच. तेव्हा आपली वही तयार असू द्या आणि गाडीला वस्तीचा रस्ता दाखवायला दोन माणसे फाट्यावर उभी असू द्या.